पाहुणा आणि डोंगा

मोटारीतून उतरणाऱ्या माणसाची पारख गाव आधी मोटारीवरून करते. गाडी सरकारी आहे की ठेकेदाराची, पुढाऱ्याची आहे की पोलिसांची, हे कळले की उतरणाऱ्याशी किती बोलायचे आणि काय बोलायचे नाही, हे आपोआप ठरते. सायकलवाल्याच्या बाबतीत ही सोय नाही. तो घामाघूम झालेला असतो, त्याच्या घशाला कोरड पडलेली असते आणि दिवस मावळायच्या आत कुठे तरी टेकण्याची त्याची घाई दुरूनही दिसते. त्याला आधी पाणी विचारतात, कामाचे नंतर. पाण्यामागून चहा येतो, चहामागून जेवण, आणि जेवणामागून एखादी बाज अंगणात टाकली जाते. सायकलप्रवासाची अर्धीअधिक गोडी यातच आहे. उरलेली अर्धी उतारावर असते.

आपल्याकडे या प्रवासाची परंपराही काही लहानसहान नाही. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले अदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तम भमगरा हे तिघे इराण, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे करीत १९२८ मध्ये परत आले. चार-साडेचार वर्षे रस्त्यावर काढायची तर परक्या माणसांच्या दारात उभे राहावेच लागते. पैसे असोत वा नसोत. दुसरे उदाहरण तर थेट चंद्रपूर जिल्ह्यातले. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे यांनी ‘भारत जोडो’ची हाक दिली आणि २४ डिसेंबर १९८५ रोजी, आपल्या एकाहत्तराव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, कन्याकुमारीहून शंभरावर तरुण-तरुणींना घेऊन ते काश्मीरकडे निघाले. पोरे सायकलवर आणि पाठीच्या मणक्यांनी बसणे अशक्य करून टाकलेले बाबा गाडीत आडवे. पंजाब तेव्हा धगधगत होता. १९८८-८९ मध्ये पुन्हा इटानगरपासून ओख्यापर्यंत आडवा भारत त्यांनी असाच पार केला. त्या यात्रांची भाषणे लोक विसरले असतील. पण कुठल्या तरी अनोळखी गावात कुठल्या तरी अनोळखी बाईने वाढलेले ताट त्या पोरांपैकी कोणी विसरला असेल, असे मला वाटत नाही.

या दोन्ही प्रवासांपुढे माझी फेरी म्हणजे परसदारी जाऊन येणे. गेल्या डिसेंबरात चंद्रपूरहून निघालो. मूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करीत भामरागड गाठायचे, एवढाच बेत. व्याहाडच्या पुढे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा सुरू होतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा काढलेला हा जिल्हा नकाशावर पाहावा, म्हणजे त्याच्या सीमा माणसांपेक्षा नद्यांनीच आखल्या आहेत हे ध्यानात येते. पश्चिमेला वैनगंगा, चपराळ्याला तिला वर्धा मिळाली की पुढे तीच प्राणहिता, दक्षिणेला सिरोंच्याशी गोदावरी, आणि आग्नेयेला इंद्रावती. चामोर्शीजवळच्या मार्कंड्याला वैनगंगा वळून उत्तरेकडे वाहू लागते, म्हणून ते तीर्थ. तिथल्या कोरीव देवळांपाशी खरे तर एक दिवस काढायला हवा होता, पण सायकलवाल्याला तिथीपेक्षा सूर्य महत्त्वाचा.

आष्टी ते आलापल्ली या टप्प्याविषयी बोलण्यासारखे थोडेच. सुरजागडच्या डोंगरावरचे लोहखनिज वाहणारे ट्रक, त्यांची लाल धूळ, आणि रस्त्याच्या कडेला जीव मुठीत धरून चाललेली सायकल. आलापल्लीच्या सागवानांत शिरल्यावर मात्र आवाज मागे पडतो. तिथून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर. पोलिसांनी दोन ठिकाणी नाव-गाव लिहून घेतले, एका जवानाने टायर दाबून पाहिले आणि हवा कमी असल्याचे सांगितले. ती खरोखरच कमी होती.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम. तो पाहून इंद्रावतीच्या काठाने जाणाऱ्या कच्च्या वाटेला लागलो, तेव्हा उन्हे कलली होती. मागच्या चाकाची एक तार तुटली, चाक चिमट्याला घासू लागले, म्हणून उतरून चालत होतो. मागून एक गृहस्थ आले. चाळिशीचे, खांद्यावर कुऱ्हाड, अंगात शाळेच्या शिपायासारखा खाकी सदरा. जोहार झाला. त्यांनी सायकलकडे पाहिले, पिशव्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“कोठून येऊन राहिले?”

मी सांगितले.

“एवढ्या दुरून सायकलनं? गाडीले पैसे नव्हते का भाऊ?”

हा प्रश्न त्यांनी चेष्टेने विचारला नव्हता. ज्याला रोज चालत जावे लागते तो हौसेने चालणाऱ्याकडे असाच पाहणार. पुढचे गाव दूर आहे, रात्री अस्वल निघते, आमच्याकडे थांबा, असे त्यांनी सांगितले आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता सायकलची एक पिशवी काढून खांद्यावर घेतली. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेले असल्याने त्यांचे मराठी चांगले होते. घरी सारे माडिया बोलणारे. त्यांचे आणि गावाचे नाव मी लिहीत नाही. ते अंगण चार बाजांचे आहे, चाळीस पाहुण्यांचे नाही.

त्यानंतर जे घडले त्याला शहरातून आलेली माणसे ‘आदिवासींचा भोळेपणा’ म्हणतात. किती निरागस, किती साधी माणसे, कोणालाही घरात घेतात, असे आपण परत येऊन सांगतो. मला हे कौतुक पटत नाही. त्यात कौतुक करणाराच स्वतःला शहाणा ठरवीत असतो. त्या संध्याकाळी मला कोणीही भोळेपणाने घरात घेतले नाही. आधी ते गृहस्थ गावच्या भूमियाकडे गेले. भूमिया म्हणजे गावाचा कर्ता वडीलधारा. गावात कोण आले हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे. म्हातारबुवा आले, समोर उकिडवे बसले आणि तासभर माझी उलटतपासणी झाली. कुठला, कशाला आला, गडचिरोलीत कोणाला ओळखतो, हेमलकशाच्या दवाखान्यात कोणाला ओळखतो, शेती आहे का, भाऊ किती. मग माझी सोय गोटुलात करायची असे ठरले. गोटूल हे नुसते तरुणांच्या नाचगाण्याचे ठिकाण, ही समजूत आपल्याकडे सिनेमांनी आणि अर्धवट लेखांनी करून दिली आहे. इकडच्या माडिया गावांत ते चावडीही असते आणि धर्मशाळाही. बाहेरच्याला उतरवायचे ते गावाच्या जागेत, गावाच्या नजरेखाली. म्हणजे पाहुणा एका घराचा नसतो आणि त्याची जोखीमही एकट्या घरावर पडत नाही. याला मी व्यवस्था म्हणेन, आणि चांगली विचारपूर्वक केलेली व्यवस्था.

ही जोखीम काय असते, हे आपल्याला पुण्या-मुंबईत बसून कळणे कठीण. १९८० नंतर या जंगलात नक्षलवादी आले. रात्री बंदूकधारी माणसे गावात येत, भात मागत. नाही म्हणण्याची सोय नव्हती. सकाळी पोलीस येत आणि त्यांना जेवायला का घातले म्हणून विचारीत. पोलिसांना कोणी पाणी पाजले तर रात्रीचे पाहुणे खबऱ्या ठरवून शिक्षा देत, आणि ती शिक्षा पुष्कळांच्या बाबतीत मरणाची होती. इकडे ‘दादा’ हा थोरल्या भावासाठीचा साधा शब्दसुद्धा त्या काळात दबक्या आवाजात उच्चारला जाऊ लागला, कारण त्या बंदूकवाल्यांनाही लोक दादाच म्हणत. ज्या मुलखात ताटभर भाताची साक्ष दोन्ही बाजूंनी काढली गेली, तिथे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही परक्याला भात वाढला जातो, याचे मोल निरागसपणाच्या खात्यात कसे टाकायचे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या माओवाद्यांच्या मोठ्या नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तेव्हापासून गावातल्या बोलण्यात थोडा मोकळेपणा आला आहे, असे गृहस्थांनी शेकोटीपाशी सांगितले. थोडा, असे म्हणताना त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून माप दाखवले.

जेवण घरीच झाले. नव्या हंगामाचा भात, नदीतल्या मासळीचा रस्सा, लाल मुंग्यांची चटणी. तिच्याविषयी वाचकांच्या मनात येईल तो प्रश्न माझ्याही मनात आला होता. लिंबू आणि मिरची एकत्र वाटल्यासारखी लागते, एवढे सांगून पुढे जातो. वहिनींनी दोनदा भात वाढला आणि तिसऱ्यांदा मी हात आडवा धरला. कोपऱ्यात बांबूची ढोली उभी होती, शेणामातीने लिंपलेली. पावसाच्या पाण्यावर वर्षाला एकच पीक. ती ढोली डिसेंबरात भरलेली दिसते म्हणून पाहुण्याला संकोच वाटत नाही. पण जूनपर्यंत घरातल्या साऱ्यांना तिच्यातूनच खायचे असते. म्हातारी आई दारात बसून माझे शिरस्त्राण हातात फिरवून पाहत होती. ती काही तरी बोलली आणि घर हसले. तुंबा अर्धा कापून डोक्याला का बांधतो, असे विचारते आहे, असा मला अर्थ सांगण्यात आला. पाणी न्यायचा वाळका भोपळा तो तुंबा. त्याला याहून योग्य उपमा मला आजवर सापडलेली नाही.

सकाळी गृहस्थ म्हणाले, “चला, डोंग्यात बसवतो.”

गोव्याला किंवा मालवणला गेलेल्या वाचकांनी कयाक पाहिली असेल, चालवलीही असेल. रंगीत प्लास्टिकची अरुंद होडी, दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे, अंगात नारिंगी जाकीट, तासावर भाडे. मौजेचा खेळ आहे, नाही असे नाही. पण या होडीचे मूळ मौजेत नाही. ती उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची. वाहून आलेल्या लाकडांचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे, आणि माप ज्या शिकाऱ्यासाठी करायची त्याच्या अंगाचे. सदरा बेतावा तशी होडी बेतायची. बर्फाच्या पाण्यात बिनआवाज सीलजवळ जायचे आणि घरच्यांसाठी अन्न आणायचे, यासाठी ती. आपण तिचा खेळ केला तो फार अलीकडे.

डोंगा तिचा लांबचा गरीब भाऊ. एकाच जाड खोडाला आतून पोखरून केलेला. वाकसाने तासत तासत आत पोकळी करायची, तळ जाड ठेवायचा, काठ पातळ. आम्ही बसलो त्या डोंग्याला नाकाशी एक भेग होती आणि तिच्यात चिंध्या व चिकणमाती ठासून भरली होती. पायाशी पत्र्याचा डबा, पाणी उपसायला. मला मध्यभागी तळाशी मांडी घालून बसवले. गृहस्थ मागे उभे राहिले, हातात लांब बांबू. उथळ पाण्यात बांबू रोवून ढकलायचे, डोहात शिरले की आखूड वल्हे हातात घ्यायचे.

“हालू नका, अन् काठ धरू नका. काठ धरला का माणूस वाकते, माणूस वाकला का डोंगा वाकते.”

डोंग्याचे सारे शास्त्र या वाक्यात होते. पोकळ लाकडाचा तळ गोल असल्याने त्याला स्वतःचा तोल नसतोच; बसणाऱ्याचे वजन जितके खाली, तितका तो स्थिर. कयाकमध्येही म्हणूनच पाण्याच्या पातळीला टेकून बसतात. नदी पार करण्याची रीतही तीच. समोरच्या काठाकडे सरळ नाक केले तर प्रवाह खाली ओढून नेतो. म्हणून नाक थोडे वरच्या अंगाला, येणाऱ्या पाण्याकडे तिरपे धरायचे आणि वल्हवत राहायचे. पाणी मग डोंग्याला ढकलते ते पलीकडच्या काठाकडे. हे गणित ज्याने कुठल्या वहीत मांडले नसेल असा माणूस ते मनगटाने करीत होता. मधल्या डोहात त्यांनी मला वल्हे दिले. मी पाच-सात हात मारले आणि डोंगा शांतपणे स्वतःभोवती फिरून आला त्याच दिशेला परत तोंड करून उभा राहिला. काठावरच्या पोरांना त्या दिवसाचे पुरेसे मनोरंजन मिळाले. दुसऱ्या प्रयत्नात जमले. डिसेंबरातली इंद्रावती निवळशंख असते. वल्ह्याच्या पात्याखाली खडकांचे काळे पाठीचे कणे दिसत होते, मासे सावलीतून सटकत होते, आणि दोन्ही काठांच्या झाडांत कुठेही यंत्राचा आवाज नव्हता. इतके निर्मळ सुख मला बऱ्याच दिवसांत मिळाले नव्हते.

ते संपले पलीकडच्या काठाशी. तो काठ म्हणजे छत्तीसगड. तिथे सहा-सात माणसे केव्हाची बसली होती. दोघीजणींच्या डोक्यावर बाजारात न्यायच्या टोपल्या. एका बाईच्या कडेला तापलेले मूल, त्याला हेमलकशाच्या दवाखान्यात न्यायचे होते. आमचा नौकाविहार चाललेला असताना ती सारी गप्प बसून पाहत होती. कोणीही हाक मारली नाही, हात केला नाही. पाहुणा डोंग्यात आहे हे त्यांना कळले होते. मी उतरलो आणि मुलाची आई व तिचा दीर बसले. मला न्यायला डोंगा तिसऱ्या खेपेला आला.

नदीपलीकडून आजारी माणूस आणण्याची ही गोष्ट या भागात जुनी. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे या डॉक्टर दाम्पत्याने डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्यात तो भाग महिनोन्‌महिने जगापासून तुटे. रोगी खाटेला दांडा बांधून, चौघांच्या खांद्यावर, दोन-दोन दिवस चालत येत. मध्ये नदी आली की डोंगा. आता रस्ते आहेत, पुष्कळ ठिकाणी पूल आहेत. सिरोंच्याला गोदावरीवर २०१६ साली पूल झाल्यावर कालेश्वरला जाण्यासाठी होडीची वाट पाहणे संपले. पण भामरागडच्या वेशीवरचा पर्लकोटेचा ठेंगणा पूल वर्षानुवर्षे प्रत्येक पुरात पाण्याखाली जात राहिला आणि त्याच्याबरोबर पलीकडची सारी खेडी तुटत राहिली. २०१९ च्या पावसाळ्यात तर भामरागडच्या बाजारपेठेत पुन्हा पुन्हा पाणी शिरले.

आणि हे काही दूरच्या टोकाचेच दुखणे नाही. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या मजूर बायका मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघाल्या होत्या. डोंगा उलटला. त्यांतल्या बहुतेकजणी परत आल्या नाहीत. महिना जानेवारीचा, नदीला पूर नाही, वादळ नाही. दिवसाच्या मजुरीसाठी रोज पार करायची ती नदी. गोव्याच्या खाडीत कंबरभर पाण्यात उतरणाऱ्या हौशी पर्यटकाला जाकीट घातल्याशिवाय होडीला हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मजुरीला निघालेल्या बाईच्या अंगात जाकीट असावे, हे मात्र कोणाच्या नियमात बसत नाही.

हे आता लिहायचे कारण, नक्षलवादाची भीती ओसरू लागली की पर्यटन येणार. यायला हवे, त्या जंगलाला, त्या संगमाला, सिरोंच्याच्या जीवाश्मांना पाहण्याचा हक्क सगळ्यांना आहे, आणि चार पैसे तिथल्या हातांत पडले तर आनंदच. पण त्याचा क्रम काय असणार याची मला धास्ती वाटते. संगमावर रंगीत होड्या येतील, तिकीट-खिडकी येईल, जाकिटांचे गठ्ठे येतील. आणि अर्ध्या मैलावरच्या घाटावर भेगेत चिंध्या भरलेला डोंगा तसाच चालत राहील. हा क्रम उलटा करणे फार खर्चाचे नाही. ज्या घाटांवरून माणसे रोज नदी पार करतात त्यांची यादी तलाठ्यांकडे करता येते. तिथे पत्र्याची किंवा फायबरची एकेक सुरक्षित नाव आणि डझनभर जाकिटे ठेवायला एखाद्या सरकारी विश्रामगृहाच्या रंगरंगोटीपेक्षा जास्त पैसे लागू नयेत. पूर्वी गावे आपल्या नावाड्याला वर्षाचे धान्य देत. त्याच्या जागी नावाड्याला मानधन द्या. पूल होतील तेव्हा होतील. झाले की डोंगे खुशाल संग्रहालयात ठेवू.

माझ्या यजमानांना विचारले, पूल झाला तर डोंगा सुटेल, वाईट नाही का वाटणार? शहरी माणसाला असे प्रश्न फार सुचतात. ते म्हणाले, “सुटू द्या नं. माझ्या पोरीले तरी बसा लागणार नाही.” नवा डोंगा कोरायचा तर मोठे झाड लागते, तसे झाड तोडायला परवानगी लागते, आणि गावातल्या तरुणांना वाकस धरता येत नाही. त्यांच्या मुलाला मोटारसायकल हवी आहे. दोन डोंगे शेजारी बांधून वर मोटारसायकल चढवून नदी पार करणारी पोरे मी त्याच घाटावर पाहिली, आणि ती कसरत पाहताना माझ्याच पोटात गोळा आला.

निघताना पैसे देऊ केले. ते घेतले नाहीत, आणि मी आग्रहही केला नाही. ताटाची किंमत करणे त्या घरात बसले नसते. तरीही पाहुण्याने रिकाम्या हाताने जावे असे कुठे लिहिलेले नाही. अतिथी म्हणजे तिथी न सांगता येणारा, हे आपण पाठ केले आहे. त्याने जाताना काय करावे, हा भाग आपण पाठ केलेला दिसत नाही. अंगणात कुडाला टेकून तीन सायकली उभ्या होत्या. मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाणाऱ्या मुलींना मिळतात त्यांपैकी. गडचिरोलीतले खरे सायकलस्वार कोण, तर या मुली. गणवेशात, दप्तर मागे बांधून, जंगलातून शाळेला जाणाऱ्या. त्या तिन्ही सायकली पंक्चर होत्या, आणि दुरुस्तीचे दुकान थेट भामरागडला.

माझ्याजवळ ठिगळे होती, सोल्यूशन होते, पंप होता. यजमानांनी घमेल्यात पाणी आणले. पहिल्या ट्यूबला चार भोके निघाली, सगळी बाभळीच्या काट्यांची. दुसऱ्या ट्यूबच्या वेळी यजमानांची नववीतली मुलगी शेजारी येऊन बसली, आणि तिसरी तिने स्वतः केली. घासकागद किती घासायचा, सोल्यूशन सुकू द्यायचे की ओलेच चिकटवायचे, हे तिने दोनदा विचारून घेतले. उरलेली ठिगळे, घासकागद आणि अर्धी नळी मी तिच्याकडे दिली. पंप मात्र मला लागणार होता, म्हणून पंपासाठी तिने वडिलांकडे पाहिले, आणि पुढच्या बाजाराला आणू, असे त्यांनी तिला माझ्यासमोर कबूल केले.